सूर, वर्ण आणि तालीम

टॉलस्टॉयची 'क्रॉयट्झर सोनाटा' ही दीर्घकथा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेली आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांनी निदान तिचे नाव तरी ऐकलेले असते. ज्या रचनेवरून ह्या कथेला नाव मिळाले ती बेथोव्हेनची. व्हायोलिन आणि पियानो ह्या दोन वाद्यांसाठी त्याने ती लिहिली आणि १८०३ च्या मे महिन्यात व्हिएन्ना शहरात ती प्रथम वाजली. पियानोवर खुद्द बेथोव्हेन बसला होता. व्हायोलिन होते जॉर्ज ब्रिजटॉवर नावाच्या चोविशीतल्या तरुणाच्या हाती. ह्या ब्रिजटॉवरचा बाप आफ्रिकी वंशाचा आणि आई युरोपीय. त्याच्या वादनावर बेथोव्हेन इतका लुब्ध झाला की ती रचना त्याने त्यालाच अर्पण केली. पुढे दोघांचे कशावरून तरी बिनसले आणि छापील प्रतीवर पॅरिसच्या क्रॉयट्झर ह्या वादकाचे नाव आले. ज्याने ती कधी जाहीरपणे वाजवली नाही असे सांगतात, त्याचे नाव जगाच्या तोंडी राहिले. ज्याने पहिल्यांदा वाजवली त्याचे विस्मृतीत गेले.

ही हकीकत अलीकडे पुष्कळदा सांगितली जाते आणि ती ऐकून हळहळणे सोपे आहे. मला तिच्यातला दुसराच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ब्रिजटॉवर काही आकाशातून पडला नव्हता. त्याचा बाप एस्तरहाझी ह्या सरदार घराण्याच्या चाकरीत होता आणि त्या घराण्याच्या पदरी हायडनसारखा संगीतकार होता. मुलगा इंग्लंडात आल्यावर तिथल्या युवराजाने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला, त्याला उत्तम शिक्षक मिळवून दिले. म्हणजे अंगी गुण होताच, पण तो ओळखणारे, शिकवणारे आणि चार मोठ्या घरांत त्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणीतरी होते. तेवढे नसते तर बेथोव्हेनच्या शेजारी उभे राहण्याची वेळच त्याच्यावर आली नसती.

सव्वादोनशे वर्षे लोटली. आज अमेरिकेतील वाद्यवृंदांची शिरगणती केली तर काय दिसते? तिथल्या वाद्यवृंदांच्या मध्यवर्ती संघटनेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे २०१४ मध्ये कृष्णवर्णीय वादकांचे प्रमाण शेकडा १.८ होते, २०२३ मध्ये ते शेकडा २.४ झाले. देशाच्या लोकसंख्येत मात्र हा समाज शेकडा तेराच्या आसपास आहे. ज्या समाजाने जगाला जॅझ दिले, ब्लूज दिले, ज्याच्या गळ्यातल्या भक्तिगीतांनी ड्वोरझाकसारख्या युरोपीय संगीतकाराला भारून टाकले, त्या समाजाला सुराचे वावडे आहे असे कोण म्हणेल? मग हे असे का?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर पडद्याने दिले. १९७० नंतर अमेरिकेत पडद्याआडून परीक्षा घेण्याची पद्धत रूढ झाली. उमेदवार पडद्यामागे वाजवतो, परीक्षक पुढे बसून नुसते ऐकतात. पायांतल्या जोड्यांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून जमिनीवर गालिचासुद्धा अंथरतात. ह्या पडद्याने स्त्रियांचे मोठे कल्याण केले. १९७० च्या सुमारास जिथे शंभरांत पाच बायका नव्हत्या तिथे आता त्या सहज दिसतात. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मात्र पडद्याची जादू चालली नाही. तेव्हा २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वृत्तपत्राच्या संगीतसमीक्षकाने उलटा सूर लावला: हा पडदाच काढून टाका, म्हणजे निवड करताना वर्णाचाही विचार करता येईल.

दोन्ही पक्षांचा हेतू चांगला आहे, पण दोघांचेही लक्ष चुकीच्या दिवशी खिळले आहे असे मला वाटते. ते परीक्षेच्या दिवसाबद्दल बोलतात. आम्हां शाळामास्तरांना हे पुरते ठाऊक असते की मुलाचा निकाल परीक्षेच्या दिवशी लागत नाही; तो त्याआधीच्या दहा वर्षांत लागलेला असतो. कोणाच्या घरी पाठ घ्यायला माणूस होते, कोणाला दिव्याखाली बसायला जागा होती आणि कोणाला शाळा सुटताच कामावर जावे लागत होते, हे उत्तरपत्रिकेवर लिहिलेले नसते. पण तिच्या प्रत्येक ओळीत असते. व्हायोलिनवादकाची गोष्ट तर आणखी कठीण. सहासात वर्षांच्या वयात वाद्य हाती यावे लागते. वाढत्या वयाबरोबर वाद्य बदलावे लागते. आठवड्याची शिकवणी, उन्हाळ्यातील शिबिरे, चांगला गज, चांगले वाद्य आणि शेवटी गावोगावच्या परीक्षांना जाण्याचा प्रवासखर्च! एवढे सगळे पार पडल्यावर मग तो पडदा. पडदा प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण जो त्याच्यामागे येऊन उभाच राहिला नाही, त्याला पडदा काय न्याय देणार?

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट असते आणि ती पैशाहून सूक्ष्म आहे. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये एक तक्रार दाखल झाली. अर्ल मॅडिसन हे चेलो वाजवणारे आणि आर्थर डेव्हिस हे बास वाजवणारे, दोघे कृष्णवर्णीय. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने वर्णामुळे आपल्याला डावलले असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी त्या शंभरएक वादकांच्या वृंदात एकच कृष्णवर्णीय कायम सभासद होता: सॅनफर्ड ॲलन, १९६२ साली घेतलेले व्हायोलिनवादक. शहराच्या मानवी हक्क आयोगाने १९७० मध्ये निकाल दिला. कायम जागांच्या बाबतीत आरोप सिद्ध झाला नाही. पण बदली वादक बोलावण्याच्या पद्धतीत मात्र भेदभाव आढळला. कारण ह्या बदली जागांना परीक्षा नसे. त्या ओळखीने भरत. जुन्या वादकांचे शिष्य आणि मित्र ह्यांना बोलावणे जाई. जो त्या गोतावळ्यात नाही त्याचे नाव कोणाला सुचतच नसे.

ह्या निकालात सगळ्या प्रश्नाचे मर्म आहे. होतकरूला हाताशी धरणे, त्याला घडवणे, त्याच्यासाठी शब्द टाकणे ही काही कृष्णवर्णीय मुलांसाठी नव्याने काढलेली सवलत नव्हे. गोऱ्या वादकांना ती पिढ्यान् पिढ्या मिळतच आली आहे. फक्त तिला कोणी सवलत म्हणत नव्हते, 'आमच्या मास्तरांची कृपा' म्हणत होते. अभिजात संगीताच्या दाराला जे कुलूप होते ते गुरुशिष्यांच्या नात्याचेच होते आणि त्याची किल्लीही तेच नाते आहे. आपल्याकडे ज्यांनी घराण्यांचा इतिहास वाचला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. विद्या घरातल्या मुलापुतण्यांसाठी राखून ठेवणारेही उस्ताद झाले आणि गोमंतकातल्या केसरबाई नि मोगूबाईंना समोर बसवून तालीम देणारे अल्लादियाखाँसाहेबही झाले. नाते तेच, ते कोणासाठी खुले होते एवढाच प्रश्न.

हे नाते जिथे जिथे खुले झाले तिथे काय घडले हे पाहण्यासारखे आहे. मरिअन अँडरसन ह्या फिलाडेल्फियातील गरीब घरच्या मुलीला वर्णामुळे संगीतशाळेने दारातून परत पाठवले. तेव्हा तिच्या चर्चमधल्या लोकांनी वर्गणी काढून तिला गाण्याची शिकवणी लावून दिली. त्याच अँडरसनबाई १९३९ साली वॉशिंग्टनला लिंकनच्या स्मारकापुढे पाऊण लाख लोकांसमोर गायल्या आणि १९५५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका ठरल्या.

दुसरी हकीकत मला ह्याहून गोड वाटते. फ्लॉरेन्स प्राइस ह्या संगीतकार बाई नवऱ्यापासून विभक्त झाल्यावर मुलींना घेऊन शिकागोत आपल्या एका विद्यार्थिनीच्या घरी काही काळ राहिल्या. शिष्याने गुरुगृही राहावे ही आपली रीत. इथे गुरूच शिष्येच्या घरी! ती विद्यार्थिनी म्हणजे मार्गारेट बाँड्स. १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनीने प्राइसबाईंची पहिली सिंफनी सादर केली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदाने वाजवण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच कार्यक्रमात पियानोवर बसल्या होत्या मार्गारेट बाँड्स. गुरू आणि शिष्या एकाच संध्याकाळी एकाच दारातून आत गेल्या.

पण ह्या कथेचा शेवट गोड नाही, आणि तो मुद्दाम सांगितला पाहिजे. प्राइसबाईंनी १९४३ साली बॉस्टनच्या वाद्यवृंदाच्या संचालकाला पत्र लिहून आपली रचना पाहावी अशी विनंती केली. आपण स्त्री आहोत आणि आपल्या अंगात कृष्णवर्णीय रक्त आहे ह्या दोन्ही अडचणी त्यांनी त्यात स्पष्ट नमूद केल्या. त्याचा काही उपयोग झाला नाही. १९५३ मध्ये त्या वारल्या. २००९ साली इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात त्यांच्या हस्तलिखितांचा ढीग सापडला. त्यांनी शिष्या घडवली होती. पण त्यांच्यासाठी शब्द टाकणारे त्या बंद दारांच्या आत कोणी नव्हते. नुसती तालीम पुरत नाही, आतल्या माणसाचा हात लागतो, हे ह्यावरून कळते.

आजच्या प्रयत्नांची पारख मी ह्याच कसोटीवर करतो. डेट्रॉइटमधली 'स्फिंक्स' ही संस्था ॲरन ड्वॉर्किन ह्या व्हायोलिनवादकाने १९९७ मध्ये काढली. कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या तरुण वादकांसाठी ती स्पर्धा भरवते. ह्या मंडळींनी स्पर्धा भरवून बक्षिसे वाटली आणि काम झाले असे मानले नाही, ही मला त्यांची खरी थोरवी वाटते. एका टोकाला डेट्रॉइट आणि फ्लिंट येथील लहान मुलांना त्यांनी फुकट वाद्ये आणि शिकवणी दिली. दुसऱ्या टोकाला, २०१८ पासून इतर दोन संस्थांच्या जोडीने, परीक्षेला बसणाऱ्या तयार वादकांसाठी अनुभवी मार्गदर्शक, सरावाच्या परीक्षा आणि प्रवासखर्च ह्यांची सोय केली. म्हणजे पहिल्या सुरापासून पडद्यापर्यंतची वाट त्यांनी नजरेसमोर ठेवली.

वाट सोडून मुक्कामच देऊ केला तर काय होते तेही त्याच डेट्रॉइटने पाहिले. १९८९ मध्ये आमदारांनी अनुदान अडवण्याची धमकी दिली, तेव्हा तिथल्या वाद्यवृंदाने एका कृष्णवर्णीय बासवादकाला पडद्याआडच्या परीक्षेशिवाय कायम केले. माणूस गुणी होता, बदली वादक म्हणून त्याने तिथे काम केलेले होते. पण त्याच्या गुणाची चर्चा होण्याऐवजी त्याच्या नेमणुकीची झाली. दरबारी हुकमाने दिलेली खुर्ची बसणाऱ्यालाच टोचते. त्यानंतर वर्षभरात त्याच वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय तरुणांना वृंदात बसवून शिकवण्याची योजना सुरू केली. हे शहाणपण आधी सुचते तर बरे होते.

उलट अँथनी मॅक्गिल ह्यांचे पाहा. शिकागोच्या दक्षिण भागातला हा मुलगा. थोरला भाऊ बासरी वाजवी, हा क्लॅरिनेट. घरातून पाठबळ, शहरातल्या संगीतशाळेची मदत, बरोबरीच्या कृष्णवर्णीय मुलांचा छोटा वाद्यसंच, अशी त्याची जडणघडण. २०१४ साली ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये मुख्य क्लॅरिनेटवादक झाले; त्या वृंदातले हे पहिले कृष्णवर्णीय मुख्य वादक. ह्याच संस्थेविरुद्ध १९६९ मध्ये तक्रार झाली होती हे आठवावे. आणि मॅक्गिल खुर्चीवर बसून स्वस्थ राहिले नाहीत. जुलियार्ड संगीतशाळेत अशा मुलांसाठी शनिवारी जो वर्ग चालतो त्याची धुरा त्यांनी २०२० मध्ये खांद्यावर घेतली. आतला माणूस बाहेरच्यांसाठी दार धरून उभा राहिला.

ह्या कामात आपल्या मुंबईचाही एक माणूस होता, हे सांगताना आनंद होतो. झुबिन मेहतांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मी त्यांच्या वडिलांविषयी बोलतो आहे. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारला. चाळिशीच्या उंबरठ्यावर, संसार मागे ठेवून, ते न्यूयॉर्कला इव्हान गॅलामियन ह्या गुरूंपुढे विद्यार्थी म्हणून उभे राहिले. पुढे लॉस एंजल्सला स्थायिक झाल्यावर १९६४ मध्ये त्यांनी तरुण वादकांचा वृंद काढला आणि १९९८ पर्यंत, नव्वदीच्या घरात जाईपर्यंत, त्या मुलांना मोठ्या वृंदात कसे बसावे, कसे ऐकावे, कसे वाजवावे ते शिकवले. त्यांतले कितीतरी जण नामांकित वाद्यवृंदांत गेले. हा वृंद २०२४ मध्ये बंद पडला. साठ वर्षांचे काम थांबायला एक वर्ष पुरते. ज्याला स्वतःला विद्येसाठी समुद्र ओलांडावा लागला, त्यानेच परक्या देशातल्या मुलांसाठी वाट सोपी केली.

इंग्लंडात २०१५ मध्ये ची-ची न्वानोकू ह्या बासवादक बाईंनी 'चिनेके' नावाचा वृंद काढला आणि सुरुवातीपासून त्याला मुलांच्या वृंदाची जोड दिली. नॉटिंगहॅमचा शेकू कॅने-मेसन २०१६ मध्ये बीबीसीच्या तरुण वादकांच्या स्पर्धेत पहिला आला; तो मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. २०१८ च्या राजघराण्यातील लग्नात त्याचा चेलो साऱ्या जगाने ऐकला. वर्तमानपत्रे ह्याला चमत्कार म्हणतात. सात भावंडे, सातही वाद्यात पारंगत, म्हणजे चमत्कारच! पण त्याच्या आईने लिहिलेल्या पुस्तकाचा विषय मुलांचे यश एवढाच नाही. पहाटेच्या गाड्या, शनिवारची लांबची शिकवणी, पैशांची ओढाताण हा आहे. चमत्कार म्हटले की बाकीच्यांची जबाबदारी संपते, म्हणून मला हा शब्द आवडत नाही.

म्हणून माझे मत असे. पडदा राहू द्यावा. तो ऐकणाऱ्याला प्रामाणिक ठेवतो. पण पडद्याला पुण्याई समजू नये. दरवर्षी चार मुलांना पदक देऊन छायाचित्र छापणे हेही तालमीचे काम नव्हे. तालीम म्हणजे एका माणसाने दुसऱ्यासाठी दहा वर्षे मोडणे, त्याचा बेसूर निमूट ऐकणे, वेळ येताच आपले नाव त्याच्या मागे उभे करणे. ती समाजातल्या काही घरांपुरती राहिली तर तिला वतन म्हणतात. सगळ्यांना मिळाली तर तिला विद्या म्हणतात. शेकडा १.८ वरून २.४ वर यायला नऊ वर्षे लागली. पुढची चाल ह्याहून जलद व्हायची असेल तर ती परीक्षकांच्या खोलीत ठरणार नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती लहान मापाचे व्हायोलिन कोण ठेवतो आणि पुढच्या आठवड्यातही त्याच वेळी कोण येतो, ह्यावर ठरेल.