विषय सुचवावा कसा?

वाचकहो, राजकारण-संस्कृतीवर लिहिणाऱ्या एखाद्या पत्रकाराला आपण विषय सुचवायला बसलो की लेखणीतून काय उतरते? "भ्रष्टाचारावर लिहा", "तरुण पिढी बिघडली आहे, तिचे कान उपटा." ही तर निबंधाची शीर्षके झाली. अशा शीर्षकावर वर्गातून चाळीस वह्या येतात आणि चाळीसही सारख्याच असतात, हे आम्हां शिक्षकांना पुरते ठाऊक आहे. त्यांत मत असते, माणूस नसतो.

कै. अनिल अवचट यांचे 'गर्द' या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. ब्राउन शुगरचे व्यसन शहरांत शिरत होते तो 1980 नंतरचा काळ. अवचटांपर्यंत हा विषय पोचला तो एका स्नेह्याच्या घरातून. त्यांचा मुलगाच व्यसनात सापडला होता. मग अवचट व्यसनी मुलांजवळ जाऊन बसले आणि विचारीत राहिले. वाक्ये आखूड, शब्द घरातले, उपदेश जवळजवळ नाही. मीमांसा थोडी, कारणांच्या मुळाशी लेखक फारसा जात नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण लेखक निकाल देत नाही, म्हणूनच ती मुले बोलली असावीत. हे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. एका घरातले दुःख पुढे किती घरांच्या उपयोगी पडले!

मात्र इथेच खरी जोखीम आहे. विषय सुचवणारा पुष्कळदा दुसऱ्याचे घर उघडे करीत असतो. लेख छापून झाला की पत्रकार पुढच्या गावी जातो; त्या मुलाच्या आईला मात्र त्याच आळीत पाणी भरायचे असते. तिला आधी विचारले का? नाव झाकायचे ठरले का?

तेव्हा पत्र लिहाल तर थोडक्यात लिहा. कुठे, काय, स्वतः पाहिले ते सांगा. कोण बोलायला राजी आहे ते सांगा. आणि आपल्याला न उलगडलेला प्रश्न तसाच राहू द्या. त्याचे उत्तर आपणच लिहून पाठवले, तर त्या बिचाऱ्याने घराबाहेर पडावे कशाला?