‘समान-उगम’ ही संज्ञा कितपत योग्य?

ब्राउझरच्या सुरक्षाव्यवस्थेतील ‘सेम-ओरिजिन पॉलिसी’ या संज्ञेस मराठीत ‘समान-उगम धोरण’ हा पर्याय सहज सुचतो. मूळ नियमाशी ताडून पाहता तो स्वीकारार्ह वाटत नाही. इतकेच नव्हे, तर मूळ इंग्रजी संज्ञाही सदोष असल्याचे दिसून येते.

१९९५ साली जावास्क्रिप्ट ही भाषा नेटस्केप नॅव्हिगेटरमध्ये आली व तिच्या पाठोपाठ हा निर्बंध आला. त्याची व्यवस्थित मांडणी डिसेंबर २०११ मधील आरएफसी ६४५४ या लेखात आढळते. त्यानुसार प्रोटोकॉल, यजमान-नाम व पोर्ट ही तीनही अंगे जुळली, तरच दोन पृष्ठांचे ‘ओरिजिन’ एक मानावयाचे.

आता ‘उगम’ म्हणजे काय, ते पाहू. मराठी ‘हात’ व हिंदी ‘हाथ’ यांचा उगम एक, असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात वंश असतो, वास्तव्य नव्हे. ब्राउझरचा न्याय नेमका उलट आहे. एकाच लेखकाचा एकच मजकूर ‘एचटीटीपी’ व ‘एचटीटीपीएस’ अशा दोन मार्गांनी आला, तर तो परस्परांस परका. उलट एकाच यजमान-नामाखाली निरनिराळ्या उपमार्गांवर राहणारे दोन अनोळखी लेखक मात्र सगोत्र! तेव्हा येथे विचार उगमाचा नसून ठिकाणाचा आहे.

दुसरा घोटाळा याहून गंभीर आहे. परक्या संकेतस्थळाचे पृष्ठ आयफ्रेममध्ये बसविण्यास हा नियम मुळीच हरकत घेत नाही. (तशी मनाई करावयाची, तर त्या स्थळाने एक्स-फ्रेम-ऑप्शन्ससारखी वेगळी सूचना द्यावी लागते.) मज्जाव आहे तो यजमान पृष्ठाच्या आज्ञावलीने आतील मजकूर वाचण्यास. वाचकाला तो दिसतो. पृष्ठाला तो वाचता येत नाही. याचे कारण उघड आहे. ब्राउझर परक्या पृष्ठाची मागणी करताना वाचकाच्या कुकीज सोबत पाठवू शकतो. त्यामुळे चौकटीत उमटलेले पृष्ठ त्याच्या खाजगी पत्रव्यवहाराचेही असू शकेल. संरक्षण प्राधान्याने वाचकाचे आहे, प्रकाशकाचे नव्हे.

हा भेद संज्ञेतून कळत नसल्याचे परिणाम प्रत्यक्ष दिसतात. भाषासंग्रहाचे काम करणारे विद्यार्थी वृत्तपत्राचे पृष्ठ चौकटीत आणतात व त्यातील शब्द मोजू पाहतात. नकार मिळताच तो यंत्राचा दोष समजून ब्राउझरची सुरक्षाच बंद करून टाकतात. सरळ मार्ग संमतीचा आहे: पोस्टमेसेजद्वारे दोन्ही पृष्ठांनी परस्परांस निरोप देणे, अथवा मूळ स्थळाकडून मजकूर रीतसर मागून घेणे.

म्हणून ‘एकस्थान-वाचन नियम’ अशी संज्ञा प्रस्तुत लेखक सुचवू इच्छितो. ‘स्थान’ या शब्दात प्रोटोकॉल व पोर्ट पूर्णपणे सामावत नाहीत, हे मान्य आहे. तथापि काय रोखले आहे, एवढे तरी ती सांगते. आणि परिभाषेचे पहिले कर्तव्य तेच होय.