बालसाहित्य संमेलनातली रिकामी खुर्ची
मंडळी, ज्या ठाण्यानं १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं, तिथे या टेंभी नाक्यावर हे बोलायलाच हवं. आपण बालसाहित्य संमेलनांना जातो. अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कविसंमेलन, सगळं ऐकतो. चित्रकार मात्र व्यासपीठावर क्वचितच दिसतो. अक्षरओळख नसलेलं मूल पुस्तक वाचतं ते चित्रांतूनच ना? माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, चित्रंही स्वतःच काढतात. तिथे मजकूर आणि चित्र वेगळं कसं करणार? अमेरिकेत १९७१मध्ये बालसाहित्यिकांची संस्था निघाली. पुढे तिनं चित्रकारांना थेट नावातच घेतलं. आपण निदान परिसंवादात घेऊ. चित्राला नुसती सजावट समजणारी समीक्षा मुलांपेक्षा कमी वाचते, असंच म्हणावं लागेल.