निर्मळ प्रतिकृती

लहान वस्तूत मोठी वस्तू पाहण्याची हौस केवळ मुलांची नसते. केस पिकलेल्या माणसांच्या काचेच्या कपाटांतही जुन्या शर्यतींच्या मोटारी रांगेने उभ्या असतात. त्यांना खेळणी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण या मोटारी खेळण्यासाठी नसतातच, त्या पाहण्यासाठी असतात. आणि जी वस्तू केवळ पाहण्यासाठी घडवली जाते, ती नेमके काय दाखवते, हा प्रश्न समीक्षेने विचारलाच पाहिजे.

यांपैकी पुष्कळशा आज रेझिनच्या असतात. जस्ताच्या मिश्रधातूची प्रतिकृती ओतायची तर महागडा पोलादी साचा लागतो, आणि त्याचा खर्च निघण्यासाठी नगही फार काढावे लागतात. रेझिनला रबरी साचा पुरतो. तो लवकर झिजतो, म्हणून नग थोडे निघतात. पण कडा रेखीव उतरतात. मात्र बहुधा दारे उघडत नाहीत, इंजिन दिसत नाही. शौकिनांची तक्रार असते ती हीच. मला ती दुय्यम वाटते. शिल्पातल्या घोड्याचे पोट उघडून पाहण्याचा हट्ट कोणी धरीत नाही.

खरी उणीव निराळी आहे. ती समजण्यासाठी एकच मोटार घेऊ : पोर्शे ९१७. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत १९७० साली हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवुड यांनी जिच्यातून जिंकली, ती २३ क्रमांकाची, तांबडी-पांढरी. १:४३ या प्रमाणात ती जेमतेम दहा सेंटिमीटरांची होते. योगायोग असा, की खऱ्या मोटारीचे कवचही काचतंतूंनी बळकट केलेल्या रेझिनचेच होते. तेव्हा द्रव्यापुरती तरी प्रतिकृती मुळाशी इमान राखून आहे.

पण या मोटारीला हे रूप आले कुठून? १९६९ साली ९१७ वेगात इतकी अस्थिर होई, की चालक तिला भीत. त्या वर्षी ल माँच्या पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा चालक तिच्यात मरण पावला. पुढे ऑक्टोबरात ऑस्ट्रियातील त्सेल्टवेग येथे चाचण्या चालू असताना जॉन हॉर्समन या अभियंत्याच्या ध्यानात आले, की मोटारीच्या पुढच्या भागावर किडे चिरडून चिकटले आहेत, आणि मागच्या टोकाशी एकही नाही. म्हणजे वारा तिथे पोचतच नव्हता. लगोलग अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून शेपूट आखूड आणि उंच केले गेले, आणि मोटार ताळ्यावर आली. विजयी ९१७ची ठेवण त्यातूनच सिद्ध झाली.

तेव्हा ज्या रूपावर आपण लुब्ध होतो, ते मेलेल्या किड्यांनी शिकवलेले रूप आहे. त्यामागे एका माणसाचा मृत्यूही आहे. आणि कपाटातली मोटार पाहावी, तर पावसात घातलेल्या ३४३ फेऱ्यांचा एक थेंबही तिच्या अंगावर नाही! काही कारागीर यावर उपाय म्हणून चिखलाचे शिंतोडे रंगवतात. पण प्रत्येक नगावर त्याच जागी तोच शिंतोडा उमटला, की त्याची नक्षी होते. उसनी घाण हीसुद्धा एक सजावटच.

मग प्रतिकृतीकडून मागायचे काय? माझ्या मते, एक रेघ. ९१७च्या नाकापासून छपरावरून निघालेली नजर मागे खाली उतरते आणि शेपटाशी पुन्हा वर चढते. ती चढण आणि तिचे तोडलेले टोक हाच त्या ऑक्टोबरचा पुरावा आहे. कारागिराने गोडव्यासाठी ते टोक गोलावले, तर बाकी सर्व खिळे-बिजागऱ्या बिनचूक असूनही प्रतिकृती फसली. ते करकरीत उतरले असेल, तर तिची निर्मळता तिला क्षम्य आहे. कारण मग डाग अंगावर नसले, तरी डागांनी दिलेले उत्तर तिच्या आकारात शाबूत राहते.