चपराक आणि कबुली : पोलीस-मालिकेचा अनुक्त आशय

दूरचित्रवाणीवरील पोलीस-मालिकेचा राजकीय आशय तिच्या संवादांतून वेचून काढण्याची रीत रूढ आहे. त्या रीतीने पाहू जाता कविता चौधरी यांची ‘उडान’ (दूरदर्शन, १९८९) संदेशप्रधान आणि ‘सी.आय.डी.’ (१९९८–२०१८) ही निव्वळ करमणूक ठरते. वस्तुतः ‘उडान’मधील कल्याणीचा स्त्री-पुरुष विषमतेविरुद्धचा लढा उघड बोलून दाखविलेला असल्याने त्याच्याशी वाद तरी घालता येतो. ‘सी.आय.डी.’ काही सांगत नाही. एक कृती ती भागामागून भाग घडवीत राहते.

ती कृती म्हणजे अखेरची चपराक. दयाचा हात उठतो, संशयित बोलू लागतो आणि त्याच क्षणी पडद्यावर पूर्वदृश्य सुरू होते. या पूर्वदृश्याकडे नीट पाहावयास हवे. पोलिसांपुढे उच्चारलेल्या शब्दांची शहानिशा करणारे कोणी उरत नाही. कॅमेराच त्यांचा साक्षीदार होतो. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, हा १८७२च्या पुरावा कायद्यातील पंचविसाव्या कलमाचा दंडक होता आणि २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तो कायम ठेवला आहे. कायदा जेथे संशय घेतो, तेथे मालिकेचे कथनरूप विश्वास ठेवते. (कोठडीतील छळाला आळा घालणारे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात दिले ते डिसेंबर १९९६मध्ये. मालिका सुरू झाली १९९८च्या जानेवारीत.)

न्यायालय या मालिकेत प्रायः येतच नाही. फाशीचे भाकीतही एसीपी प्रद्युम्न यांच्याच मुखी असते. येथे अमेरिकेतील ‘ड्रॅगनेट’ (१९५१–५९) आठवावी. जॅक वेब यांची ती मालिका लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याच्या सहकार्याने तयार होई आणि खात्याची प्रतिमा उजळण्याचे काम तिने निःसंकोचपणे केले. तरीही भागाच्या शेवटी खटल्याचे व निकालाचे निवेदन येत असे. प्रचार करणाऱ्या मालिकेलाही न्यायालयासाठी दोन वाक्ये राखून ठेवावीशी वाटली, ही गोष्ट लहान नव्हे.

चपराकीला प्रेक्षक हसतात, ती कोणी गांभीर्याने घेत नाही, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु चपराक चुकीच्या गालावर बसली असावी, अशी शंका त्या हसणाऱ्या प्रेक्षकालाही येत नाही. कथानकाने तिला जागाच ठेवलेली नसते.