‘करीत नाही’ आणि ‘करवत नाही’: ‘द ब्रोकन कॉर्ड’मधील विद्यार्थी

मायकेल डॉरिस यांचा ‘द ब्रोकन कॉर्ड’ हा ग्रंथ अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झाला. डार्टमथ महाविद्यालयातील ह्या मानवशास्त्रज्ञाने त्यात आपल्या दत्तक पुत्राची कहाणी सांगितली आहे. हा मुलगा लाकोटा वंशातील असून ग्रंथात त्याचे नाव ‘अ‍ॅडम’ आहे. मातेच्या मद्यपानाने गर्भाची वाढ खुंटते व मेंदूस कायमची इजा पोहोचते. ह्या विकारास १९७३ साली सिअ‍ॅटल येथील जोन्स व स्मिथ ह्या वैद्यांनी ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असे नाव दिले. अ‍ॅडमला तोच विकार होता.

मराठीत ‘तो करीत नाही’ ह्या वाक्याने इच्छेचा अभाव सूचित होतो. ‘त्याला करवत नाही’ ह्या शक्य क्रियापदाने सामर्थ्याचा. पहिल्या वाक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा पित्याचा क्लेशकारक प्रवास हेच ह्या ग्रंथाचे मोल होय. मात्र तेथे पोहोचल्यावर लेखक ‘करवत नाही’ हा अंतिम निवाडा मानतो आणि त्याचा रोख मातांच्या अपराधाकडे वळतो. गर्भवतींवर सक्ती करण्याच्या विचाराकडे त्याचा झुकलेला कल अनेक स्त्री-समीक्षकांना आक्षेपार्ह वाटला, तो उगाच नव्हे. कोणत्या परिस्थितीत करवेल, हा शिक्षकाचा प्रश्न बाजूलाच राहतो.

त्याचे उत्तर शोधण्यास ग्रंथाच्या शेवटी छापलेले अ‍ॅडमचे स्वतःचे निवेदन उपयोगी पडते. त्याचे शुद्धलेखन जसेच्या तसे ठेवले आहे. वाचकाने ते केवळ करुणेने वाचू नये. निवेदन करण्याची, प्रसंगामागून प्रसंग सांगण्याची शक्ती तेथे उघड दिसते. पित्याच्या निवाड्यात तिला पुरेसे स्थान मिळालेले नाही.

ह्या विकाराच्या विद्यार्थ्यांत बोलण्याची सफाई पुष्कळदा आकलनाच्या पुढे असते, आणि शिक्षक नेमका तेथेच फसतो. सूचना शब्दशः परत म्हणून दाखविणे हा ती समजल्याचा पुरावा नव्हे. ती कृतीने करवून पाहावी. एका वेळी एकच सूचना द्यावी, रोज त्याच शब्दांत, वक्रोक्ती टाळावी, दिनक्रम व बसण्याची जागा सहसा बदलू नये. काल आलेले आज विसरले तर तो उद्धटपणा न मानता पुन्हा शिकवावे. मेंदूची इजा ह्या उपायांनी भरून येत नाही. तथापि ‘करवत नाही’ ह्या वाक्याला ‘अशा रीतीने करवते’ अशी जोड देणे शिक्षकाच्या हाती आहे, आणि ती दिली गेली नाही तर विद्यार्थी न केलेल्या अपराधाची शिक्षा भोगीत राहतो.