नेस्परेन्नुबच्या डोक्याचा वाडगा

गेल्या महिन्यात आजीने देहदानाचा फॉर्म भरला. साक्षीदार म्हणून सही माझी. ताथवड्याला परत येताना रिक्षात तिने विचारलं, "माझ्यापाशी नावाची चिठ्ठी लावतील का रे? त्या ममीसारखी?"

ती ममी आम्ही दोघांनी पाहिली होती. नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात ब्रिटिश म्युझियमचं 'ममी : द इनसाइड स्टोरी' हे प्रदर्शन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात होतं. मी शाळेत होतो. चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेस पकडून गेलो.

नेस्परेन्नुब हा सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा कर्नाकच्या देवळातला पुजारी. त्याच्या पट्ट्या कधीच सोडल्या नाहीत. सीटी स्कॅनने घेतलेल्या दीड हजारांहून जास्त छेदांतून त्याचं शरीर संगणकावर उभं केलं आणि आम्ही थ्रीडी चष्मे लावून त्याच्या आत शिरलो. कवटीला मागून मातीचा वाडगा चिकटलेला दिसला. तज्ज्ञांच्या मते राळ ओतताना तो डोक्याखाली ठेवला, राळ घट्ट झाली, मग निघेना. कारागिरांनी तसाच गुंडाळून टाकला. आज नोकरीत रोज हेच पाहतो: बग सापडला, डेडलाइन आली, झाकून रिलीज केलं.

प्रदर्शन मला आजही आवडतं, कारण त्यात माणूस होता. त्याचं नाव, त्याचा बाप, त्याचं काम, त्याच्या कवटीतलं छोटं भोक. शरीराला हात न लावता एवढं कळलं. पण एक तक्रार आहे. तंत्रज्ञानाच्या कौतुकात, 'याला हे चाललं असतं का?' हा प्रश्न मला तिथे पडलाच नाही. नाव उच्चारलं जावं, ही प्राचीन इजिप्शियनांची इच्छा असे. कवटीत डोकावलं जावं, ही होती का?

हा प्रश्न टाळला की काय होतं, ते २००५ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या 'बॉडीज : द एक्झिबिशन'ने दाखवलं. शरीरातलं पाणी आणि चरबी काढून तिथे प्लास्टिक भरायचं, म्हणजे प्लास्टिनेशन. अशी सोललेली शरीरं खेळाडूंच्या पवित्र्यात उभी केली होती. ती चीनमधून आलेली, बेवारस ठरवलेली. हे देह मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे नाहीत याची खात्री आम्ही करू शकत नाही, असं कंपनीला २००८च्या तडजोडीनंतर जाहीर करावं लागलं. स्नायू न् स्नायू दिसत होता; नाव एकाचंही नव्हतं.

आपल्याकडेही १९४९च्या महाराष्ट्र अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टनुसार बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. डॉक्टर घडायला देह लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण चाकणला कामाला आलेला, ज्याचं गाव हजार किलोमीटर दूर, असा माणूस अचानक गेला तर 'बेवारस' ठरायला कितीसा वेळ लागणार? त्याच्या देहाला निदान दान म्हणू नये. दान द्यायला देणारा लागतो.

आजीला म्हटलं, "चिठ्ठीचं माहीत नाही. पण फॉर्मवरचं नाव तू तुझ्या हाताने लिहिलंयस."

"बरं," ती म्हणाली, "मग वेळ आली की पोचवायचं काम तुझं. तेव्हा रडत बसून उशीर करू नकोस."

फॉर्म भरला तरी शेवटी देह सुपूर्द करतात ते घरचेच. मी हो म्हणालो. अजून जमेल असं वाटत नाही.